डस्ट कलेक्टर आहे, पाइप आहे, तरी सगळीकडे भुशाचा थर का?

रंधाप्रेमी
नमस्कार मंडळी, आजवर वाचनमात्र होतो, आता अडलं म्हणून धागा काढतोय. घराला लागून एक खोली आहे, साधारण २० बाय १२ फूट, छत ८ फुटावर. त्यात टेबल सॉ, १३ इंची थिकनेस प्लेनर, छोटा बँड सॉ, मायटर सॉ आणि राउटर टेबल असा लाकूडकामाच्या मशीनांचा संसार मांडलाय. डस्ट कलेक्टर (मशीनपाशी उडणारा भुसा पंख्याने ओढून पिशवीत जमा करणारा) दीड एचपीचा, खाली प्लास्टिकची पिशवी आणि वर कापडी पिशवी असतो तो. भिंतीच्या कडेने ४ इंची पीव्हीसी पाइप फिरवलाय, प्रत्येक मशीनला वेगळी झडप, एकावेळी एकच झडप उघडी ठेवतो. म्हणजे कागदावर सगळं बरोबर. पण दुपारभर काम केलं की संध्याकाळी फळ्यांवर, क्लॅम्पवर, खिडकीच्या काचेवर पिठासारखा थर, आणि रात्री नाक शिंकरलं की रंग सांगतो कुठलं लाकूड कापलं ते. माहितीपत्रकात १२०० सीएफएम (म्हणजे मिनिटाला १२०० घनफूट हवा) लिहिलंय, ते जातात कुठे?
मोठी मोटर घेऊ का? सायक्लोन (हवा गरगर फिरवून भुसा फिल्टरच्या आधीच डब्यात पाडतो तो) लावू का? आणि पीव्हीसीला अर्थिंग नसेल तर स्फोट होतो म्हणतात त्यात किती तथ्य आहे?

वाचनमात्र
वाचतोय. माझ्याकडेही हीच कथा.

भुसाभरती
ते १२०० विसरा. तो आकडा बहुतेकदा पिशवी न लावता, पाइप न जोडता, नुसत्या पंख्याच्या तोंडाशी मोजलेला असतो. आधी एवढं सांगा: कापडी पिशवी किती मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग)? सर्वात लांबचं मशीन पाइपने किती फुटावर? मध्ये एल्बो किती आणि ते कसले? आणि वळ्यावळ्यांची लवचिक नळी एकूण किती फूट वापरलीय?

रंधाप्रेमी
पिशवीवर ३० मायक्रॉन लिहिलंय. मायटर सॉ सर्वात लांब, पाइपने पंचवीसेक फूट. एल्बो पाच, प्लंबिंगवाले नेहमीचे काटकोनी. लवचिक नळी टेबल सॉपाशी ८-१० फूट असेल, सॉ पुढेमागे ओढता यावा म्हणून सैल सोडलीय. प्लेनरलाही थोडी आहे.

पटाशीपंडित
उपाय सोपा आहे. प्लग काढा, रंधा हातात घ्या. ढलप्या पायाशी पडतात, झाडल्या की संपलं. ना मोटर ना पाइप ना तुमचे ते सीएफएम. 🙂

भुसाभरती
पंडित आले! धागा आता शंभरी गाठणार 😀

हवापाणी
माझं रोजचं काम कारखान्यांतल्या हवा ओढण्याच्या यंत्रणांचं आहे, त्यामुळे जरा लांबण लावतो, सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट, "सक्शन जास्त" असं आपण म्हणतो त्यात दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी होते. एक म्हणजे ओढ, अडथळा आला तरी हवा खेचायची ताकद, ती इंच पाण्यात मोजतात, म्हणजे पाणी नळीत किती इंच वर खेचलं जाईल त्यावर. दुसरा वारा, मिनिटाला किती घनफूट हवा हलते, तो सीएफएम. घरातल्या शॉप व्हॅकची (वर्कशॉपमधला व्हॅक्युम क्लीनर) ओढ जबरदस्त, ६०-७० इंच किंवा त्याहून जास्त, पण वारा जेमतेम १००-१५०. डस्ट कलेक्टरचं बरोबर उलटं, वारा भरपूर आणि ओढ जेमतेम १०-११ इंच. म्हणून सँडरच्या बारीक नळीला शॉप व्हॅक लागतो आणि प्लेनरच्या मोठ्या तोंडाला डस्ट कलेक्टर. आणि म्हणूनच डस्ट कलेक्टरला सव्वा इंची नळी जोडली की तो हतबल होतो, मोटर कितीही एचपीची असो.

आता तुमचा पाइप. भुसा पाइपात खाली न बसता पळत राहायला हवा मिनिटाला साधारण ४००० फूट वेगाने जावी लागते. ४ इंची पाइपाचं तोंड ०.०८७ चौरस फूट, म्हणजे त्या वेगाला त्यातून जाते साधारण ३५० सीएफएम. पंखा जरा जास्त खेचेल, पण वेग वाढला की घर्षण वेगाच्या वर्गाच्या हिशेबात वाढतं, त्यामुळे लवकरच भिंत येते. टेबल सॉवर बारीक धूळसुद्धा पकडायची तर खरं ६००-८०० लागतात. ५ इंची पाइपातून त्याच वेगाला साधारण ५४५ जातात, ६ इंचीतून ७८५. व्यास दीडपट केला की जागा सव्वादोनपट, सगळा खेळ इथेच आहे.

पण म्हणून लगेच ६ इंची आणायला पळू नका. दीड एचपीच्या पंख्याला तेवढा वारा पाइप-फिल्टरसकट ओढता आला नाही तर मोठ्या पाइपात वेग पडतो आणि भुसा तळाशी झोपतो, मग पाइप हळूहळू भरत जातो. तुमच्या मशीनला मुख्य लाइन ५ इंची आणि ती जितकी आखूड तितकी बरी.

एल्बोंबद्दल थोडं. प्लंबिंगचा काटकोनी एल्बो पाण्यासाठी ठीक, हवेला तो जाचतो. त्याजागी ४५ अंशाचे दोन आणि मध्ये थोडा सरळ तुकडा. फांदी काढताना टी (काटकोनी जोड) नको, वाय (तिरका जोड) घ्या, आणि वायचं तोंड हवेच्या दिशेने झुकलेलं. आणि ती वळ्यांची नळी, एक फूट नळी म्हणजे घर्षणाच्या हिशेबात दोन-तीन फूट सरळ पाइप. तुमची दहा फूट नळी म्हणजे घरबसल्या पंचवीसेक फूट पाइप वाढवलाय.

अर्धाइंच
हवापाणी, झकास. पण हे सगळं मोजायचं कसं? आमच्याकडे काही तुमच्यासारखी उपकरणं नाहीत.

हवापाणी
क्लॅम्प मीटर असला तर एक मस्त जुगाड आहे. डस्ट कलेक्टर चालू करा, मोटर किती अँपिअर घेतेय बघा. मग तोंडाशी फळी धरून ते बंद करा. बहुतेकांना वाटतं मोटरवर लोड येऊन अँपिअर वाढतील, होतं उलटं. आवाज चढतो, पंखा जरा जोरात फिरतो आणि अँपिअर खाली येतात, कारण पंखा हवा हलवण्याचं काम करतो आणि आता हलवायला हवाच नाही. म्हणजे अँपिअर जास्त तितका वारा जास्त. आता पाइप काढून नुसतं तोंड उघडं ठेवून आकडा घ्या, मग पाइप जोडून एकेका मशीनची झडप उघडून घ्या. ज्या मशीनला आकडा जवळपास तोंड बंद केल्याइतका खाली येतो तिथे तुमची लाइन गुदमरतेय.
एकच काळजी, क्लॅम्प एकाच वायरभोवती लागतो, अख्ख्या केबलभोवती लावला तर शून्य दाखवेल. त्यासाठी वायरी वेगळ्या केलेला छोटा एक्स्टेन्शनचा तुकडा जाणकाराकडून करून घ्या, केबल सोलून उघड्या तारांशी खेळू नका.
ह्याच कारणाने पाइप-पिशवी काहीच न लावता मोठा ब्लोअर बराच वेळ चालवला तर मोटर जास्त तापते, तेही लक्षात असू द्या.

रंधाप्रेमी
मीटर आहे! करून सांगतो.

लेथवाली
तुमची पाइपांची चर्चा चालू द्या, पण मला आधी नाकाबद्दल बोलायचंय, कारण धाग्यात ते विनोदाने आलंय. मी लेथवर वाट्या-कटोरे करते, त्यात सँडिंग तोंडासमोर असतं. लाकडाची धूळ ही कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने १९९५ सालीच तसं वर्गीकरण केलंय, आणि तो मुख्यतः नाकाचा आणि नाकाभोवतीच्या पोकळ्यांचा. घाबरवायचं नाहीये, तो धोका वर्षानुवर्षं रोज धुळीत काम करणाऱ्यांचा. पण अ‍ॅलर्जीला वर्षं लागतातच असं नाही. शिसवीच्या जातीची लाकडं काहींना अंगावर उठतात, वेस्टर्न रेड सीडरमधल्या प्लिकॅटिक अ‍ॅसिडने दमा होतो हे चांगलं अभ्यासलेलं आहे, आणि एकदा शरीराने एखाद्या लाकडाशी वैर धरलं की मग थोडीशी धूळसुद्धा पुरते. एमडीएफ तर वेगळंच प्रकरण, धूळ मैद्यासारखी आणि त्यात फॉर्मल्डिहाइडवाला डिंक.
आणि दिसतो तो थर तितका वाईट नाही हो. तो बसलाय. वाईट ती जी हवेत तरंगतेय आणि दिसत नाही. १० मायक्रॉनचा कण नाकाच्या उंचीवरून जमिनीवर यायला आठ-दहा मिनिटं घेतो, १ मायक्रॉनचा कण शांत हवेतसुद्धा बारा तासांच्या आसपास. म्हणजे मशीन बंद करून, मास्क काढून, आपण निवांत आवराआवर करत बसतो ना, नेमकं तेव्हाच खातो सगळं.

पटाशीपंडित
म्हणूनच म्हणतो ताई, रंधा.

लेथवाली
पंडितजी, रंध्याच्या ढलपीबद्दल काही म्हणणं नाही. पण शेवटी पॉलिश पेपर मारताच ना? ती धूळ हातानेच केली म्हणून गोड होत नाही.

पटाशीपंडित
स्क्रेपर वापरतो. पण ठीक आहे, पॉलिशच्या कोटांमध्ये पेपर लागतोच, एक गुण तुम्हाला.

भुसाभरती
मूळ प्रश्नाकडे. रंधाप्रेमी, तुमच्या थराचं अर्धं उत्तर त्या ३० मायक्रॉनच्या पिशवीत आहे. ३० मायक्रॉनच्या खालचं बरंचसं ती आरपार सोडते आणि त्यातलंच सर्वात बारीक ते फुफ्फुसात खोल जातं. म्हणजे मशीनपाशी पकडलेली बारीक धूळ तुम्ही पाइपातून आणून खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात फवारताय. सकाळी पहिल्यांदा चालू कराल तेव्हा अंधार करून कापडी पिशवीच्या कडेने तिरका टॉर्च मारून बघा. झटका बसेल. ढग निघतो, खास करून चालू करताना पिशवी फुगते त्या क्षणी.
त्याजागी घड्यांचा कार्ट्रिज फिल्टर लावा, १ मायक्रॉनचा किंवा त्याहून बारीक. लोकांना वाटतं बारीक फिल्टर म्हणजे वारा कमी, पण घड्या घालून त्यात कापडी पिशवीच्या कितीतरी पट क्षेत्रफळ मावतं त्यामुळे अडथळा उलट कमी होतो. पिशवीसारखंच वर बसतं, बहुतेक मशीनांना रिंग सारखीच असते, व्यास मोजून घ्या.

अर्धाइंच
कार्ट्रिजचा एक ताप, घड्यांत भुसा अडकतो. आतल्या फिरत्या पात्यांचं हँडल रोज फिरवा पण हळू, गरागरा फिरवलं तर घड्या घासून फाटतात. हवेने साफ करायचं तर बाहेरच्या बाजूने आत, कमी दाबाने, लांबून, आणि घराबाहेर नेऊन मास्क लावून. आतून बाहेर हवा मारली की धूळ घड्यांत आणखी रुतते.
आणि माझं मत, सायक्लोन लावाच. माझ्याकडे शॉप व्हॅकच्या आधी बादलीवरचा छोटा प्लास्टिकचा सायक्लोन आहे, व्हॅकच्या फिल्टरपर्यंत जवळपास काही पोचतच नाही. डस्ट कलेक्टरलाही तेच करा की.

हवापाणी
इथे मी थोडा वेगळा सूर लावतो. शॉप व्हॅकवर सायक्लोन म्हणजे डोळे झाकून हो, कारण त्याच्याकडे ओढ उधळायला आहे. दीड एचपीच्या कलेक्टरकडे एकूण १०-११ इंच ओढ, त्यातले २-३ इंच सायक्लोननेच खाल्ले तर मशीनपर्यंत काय पोचणार? फिल्टर स्वच्छ राहील पण टेबल सॉवरची धूळ खोलीत राहील, म्हणजे ज्यासाठी केलं तेच हुकलं. ३ एचपी आणि १४-१५ इंची पंख्याचं मशीन असतं तर मी स्वतः सायक्लोन म्हटलं असतं. लहान मशीनला थीन बॅफल हा मधला मार्ग, ड्रमच्या झाकणाखाली एक चकती आणि कडेने फट, त्यात ओढ कमी जाते. तरीसुद्धा मी आधी पाइप आणि फिल्टर सुधारेन, सायक्लोन त्यानंतर.

अर्धाइंच
पटलं अर्धं. मोठ्या ढलप्या पंख्यावर आदळत नाहीत हाही फायदा आहेच ना पण.

हवापाणी
आहेच. आणि एखादा स्क्रू किंवा लाकडाची गाठ पंख्यावर आदळण्याऐवजी ड्रममध्ये पडते. नाही म्हणत नाही, क्रम सांगतोय.
सायक्लोन असो वा बॅफल, एक गोष्ट कुणी सांगत नाही. खालचा डबा हवाबंद पाहिजे. अगदी बारीक फट असली तरी तिथून हवा वर घुसते आणि खाली बसलेली बारीक धूळ उचलून थेट फिल्टरला नेते. "माझा सायक्लोन काम करत नाही" म्हणणाऱ्यांत बरेचसे झाकणाच्या गॅस्केटवर सुटतात. आणि डबा काठोकाठ भरू देऊ नका, पातळी वर आली की सगळं सरळ फिल्टरमध्ये.

वाचनमात्र
शॉप व्हॅकवर पातळ प्लास्टिकची बादली लावाल तर तीही सांभाळा, नळी अचानक तुंबली की बादली चिरडल्यासारखी आत बसते. मोठा आवाज होतो, हातातलं काम सुटतं. जाड बादली घ्या नाहीतर एकात एक दोन बसवा.

खिळेमोडे
सगळं ठीक, पण पीव्हीसीचं काय? स्टॅटिक होतं (घर्षणाने वीज साचते), ठिणगी, भुसा, धडाम. कुणीतरी बोला यावर. माझ्या ओळखीतले सगळे म्हणतात पाइपात तांब्याची तार ओढ.

हवापाणी
भुशाचा स्फोट खराच असतो, मोठ्या कारखान्यांत झालेत, माणसं गेलीत. पण त्यासाठी हवेत घनमीटरला साधारण ४० ग्रॅमच्या आसपास बारीक कोरडी धूळ तरंगती हवी, म्हणजे एक-दोन मीटरपलीकडचं काही दिसणार नाही इतका दाट ढग. एका मशीनच्या घरगुती पाइपात, हवा एवढ्या वेगाने वाहत असताना, ते प्रमाण गाठणं अवघड. कारखान्यात धोका होतो तो छताच्या तुळयांवर वर्षानुवर्षं साचलेल्या थरांचा, पहिल्या छोट्या स्फोटाने ते सगळे एकदम खाली येतात आणि मग दुसरा मोठा होतो. म्हणून घरीही वरच्या कडा पुसत जा, पाइपाची काळजी त्यानंतर.
पीव्हीसी मुळात विजेचा वाहक नाही, त्यामुळे त्याला "अर्थिंग" करता येत नाही. बाहेरून तार गुंडाळली तर तिच्या आसपासचा भार जाईल, बाकीचा तिथेच. अंगाला चटके बसतात ते थोडे कमी होतात, तेवढ्यासाठी गुंडाळायची असेल तर गुंडाळा. पाइपाच्या आत ओढू नका, ढलप्या अडकून तुंबतो. लवचिक नळीतल्या स्प्रिंगचं टोक मशीनच्या धातूला जोडा, ते मात्र उपयोगी आहे.

भुसाभरती
स्फोटाची चिंता करणारे आगीची करत नाहीत, हे मला कोडंच आहे. पडलेला खिळा झाडताना नळीत गेला, लोखंडी पंख्यावर आदळला, ठिणगी भुशात जाऊन बसली, तुम्ही दिवे घालवून झोपायला गेलात. भुसा तासन्‌तास धुमसत राहू शकतो. म्हणून: जमिनीवरचा कचरा डस्ट कलेक्टरने ओढायचा नाही, ग्राइंडरच्या ठिणग्या उडतात तिथे त्याची नळी जवळ आणायची नाही, आणि काम संपलं की पिशवी तपासूनच खोली बंद. जवसाच्या तेलाच्या चिंध्या तर भुशाच्या डब्यात कधीच नाही, त्या आपोआप तापून पेटतात, उघड्यावर पसरून वाळवा नाहीतर पाण्याने भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाका.

खिळेमोडे
हे पटलं. आमच्या नावाला जागून खिळे वेचतो आजपासून. 😅

रंधाप्रेमी
मोजलं! नुसतं तोंड उघडं असताना आकडा सर्वात वर, फळी लावून बंद केल्यावर जवळपास निम्मा. आणि मायटर सॉची झडप उघडली तर बंद तोंडापेक्षा फक्त किंचित वर! प्लेनर (जवळ आहे, एकच एल्बो) बऱ्यापैकी वर. टेबल सॉ मध्ये कुठेतरी. मग टेबल सॉची दहा फुटी नळी काढून तीन फुटी तुकडा लावला, बाकी काही न बदलता आकडा डोळ्यादेखत चढला. हवापाणी साहेब, दंडवत.
टॉर्चचंही केलं. न केलं असतं तर बरं वाटलं असतं 😐 फिल्टर सांगितलाय.

लेथवाली
छान. आता एक काम करा, हवेतले बारीक कण मोजणारा छोटा लेझर सेन्सर मिळतो, पीएम २.५ दाखवतो तो. अचूक आकड्यापेक्षा वरखाली कधी होतो ते बघा. माझ्याकडे प्लेनर चालू असताना तो ढिम्म हलत नाही, प्लेनर ढलप्या करतो, खोली भरते पण हवा बरी असते. उलट एमडीएफला हाताने पेपर मारला, किंवा केरसुणीने जमीन झाडली, की आकडा रॉकेट. काम संपल्यावर कॉम्प्रेसरच्या हवेने टेबल साफ करणाऱ्यांनी तो सेन्सर शेजारी ठेवून एकदा बघावंच.

अर्धाइंच
केरसुणी!! आणि आम्ही झाडताना मास्क काढून ठेवतो.

हवापाणी
लेथवाली ताईंनी मुद्द्याला हात घातला. पाइपाच्या या टोकाला, म्हणजे मशीनपाशी, काय होतं ते बघा. मेणबत्ती हातभर लांबून फुंकून विझते, पण तेवढ्याच अंतरावरून हवा आत ओढून विझवून दाखवा. ओढलेली हवा सगळ्या बाजूंनी येते. पाइपाच्या तोंडापासून एका व्यासाइतकं लांब गेलं, म्हणजे ४ इंची पाइपापासून ४ इंच, की वेग तोंडाच्या एक दशांशाहूनही खाली येतो. म्हणजे सहा इंच लांब धरलेला पाइप शोभेचा आहे. आणि सॉचं पातं काठावर मिनिटाला हजारो फुटांच्या वेगाने धूळ भिरकावतं, ती तुमच्या ओढीची वाट बघत थांबत नाही. तिला आधी कशाने तरी अडवायचं, मग ओढायचं.
टेबल सॉला खालून कितीही ओढलं तरी पात्याच्या वरच्या दातांबरोबर धूळ तुमच्या छातीकडे येतेच, म्हणून पात्यावरच्या गार्डला वेगळी नळी हवी, ३ इंची चालेल. खालच्या डब्याच्या फटी टेपने बुजवा पण सगळ्या नाही, हवा आत यायला वाट ठेवा, नाहीतर ओढणार काय. बँड सॉला टेबलाच्या लगेच खाली, खालच्या गाइडपाशी, पट्टी टेबलातून बाहेर पडते तिथे. बऱ्याच मशीनांचं तोंड चाकाच्या डब्यात तळाशी असतं, तोवर धूळ निसटलेली असते. राउटर टेबलला फेन्समागे (लाकूड टेकवायच्या पट्टीमागे) एक आणि खालच्या पेटीला एक.

रंधाप्रेमी
आणि मायटर सॉ?

भुसाभरती
मायटर सॉ हे सर्वांचं दुखणं. मागे तीन बाजू बंद केलेलं खोकं, पात्याच्या रेषेत मागे निमुळतं होत जाणारं, शेवटी ४-५ इंची तोंड, वर सॉच्या स्वतःच्या नळीला शॉप व्हॅक. दोन्ही एकदम चालू. तरी काही धूळ निसटतेच. शक्य असेल तर सॉ चाकांच्या टेबलावर घेऊन दाराबाहेर कापा.

वाचनमात्र
एक शंका, कलेक्टरच बाहेर ठेवून हवा बाहेर सोडली तर? फिल्टरचा प्रश्नच मिटला.

हवापाणी
फुफ्फुसांसाठी याहून चांगलं काही नाही, शेजाऱ्यांच्या अंगणात भुसा जाणार नसेल तर. पण मिनिटाला ५०० घनफूट बाहेर टाकलंत तर तेवढीच आत यायला हवी, खिडकी उघडी ठेवा, नाहीतर पंखा गुदमरतो. खोलीची हवा गरम किंवा गार केलेली असेल तर ती चारेक मिनिटांत सगळी बाहेर. आणि त्याच जागेत धुराडं असलेला गॅस गीझर किंवा शेगडी असेल तर अजिबात नको, खोलीत दाब पडला की धुराड्यातून जळलेला वायू उलटा आत येतो, कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नसतो.

अर्धाइंच
आणि ते छताला टांगायचे एअर क्लीनर?

लेथवाली
तो जोडीला, मुख्य नाही. तुमच्या समोर उडालेली धूळ त्याच्यापर्यंत जाताना तुमच्या नाकावरूनच जाते. रंधाप्रेमींची खोली १९२० घनफूट, तासाला ८ वेळा हवा गाळायची तर साधारण २५६ सीएफएम खराखुरा लागेल. चौकोनी पंख्याला चार बाजूंनी मर्व्ह १३ (फिल्टर किती बारीक कण अडवतो त्याची श्रेणी) चे फिल्टर चिकटवून करतात तो कोर्सी-रोझेन्थल बॉक्सही मस्त चालतो, २०२० साली साथीच्या काळात आला तो. काम संपल्यावर चालू ठेवून तुम्ही खोलीतून निघून जायचं, त्याचा खरा उपयोग तेव्हा.
मास्क मात्र त्याने सुटत नाही. एन ९५ घट्ट बसला तर ठीक, मी रबरी अर्ध्या चेहऱ्याचा पी १०० (आणखी बारीक गाळणारा मास्क) घालते, चष्म्यावर वाफ येत नाही. दाढीवाल्यांना दोन्हींचा उपयोग कमी, कडेने हवा शिरते.

पटाशीपंडित
दाढी आहे. रंधाही आहे. सुरक्षित आहे.

भुसाभरती
😀😀

रंधाप्रेमी
हे करतोय, चुकत असेल तर थांबवा. भिंतीवरचा सगळा पाइप काढतोय. कलेक्टर खोलीच्या मध्यावर भिंतीला, त्यातून ५ इंची आखूड लाइन, एक वाय, एका फांदीवर टेबल सॉ कायमचा (तोही जवळ सरकवून, खाली ५ इंची आणि गार्डला ३ इंची). दुसऱ्या फांदीला ५ इंची पाच फूट नळी, प्लेनर आणि बँड सॉ चाकांवर, जो लागेल तो ओढून जोडायचा. टेबल सॉ आणि बँड सॉची ४ इंची तोंडं कापून ५ करतोय. राउटर टेबल, मायटर सॉ आणि सँडर शॉप व्हॅकवर, मध्ये बादलीवरचा सायक्लोन, व्हॅकला हेपा (अतिबारीक कण अडवणारा) फिल्टर. कार्ट्रिज आला की कलेक्टरवर. मायटर सॉ दाराशी.

हवापाणी
उत्तम. प्लेनरच्या तोंडाला मात्र हात लावू नका, त्याला ४ पुरतं, ढलप्यांना वेग हवा. आणि ब्लोअरच्या तोंडाशी कारखान्यातून बसवलेली फुलीसारखी जाळी असते ती बघा, प्लेनरच्या लांब ढलप्या तिथे झाडूसारख्या गुंतून तुंबतात. काढायची तर काढा, पण मग जोडलेली नळी चालू असताना कधीही काढायची नाही, आत पंखा फिरतोय आणि हात जाईल इतकं तोंड मोठं आहे.

रंधाप्रेमी
जाळी आहे, आणि ढलप्यांचं घरटंही आहे तिच्यावर, आत्ताच बघून आलो. नळीला स्क्रूचा क्लॅम्प लावतो, हाताने निघणारा नको.

खिळेमोडे
घरट्यात खिळे सापडले का?

रंधाप्रेमी
एक स्क्रू 🙄